छोट्या होडीवर लाइव्ह सोनार बसवायचाय : पाइप, वायरिंग, सेटिंग (ठाणे खाडी)

दिवाळेकर

होडी २२ फुटी फायबर, ९.९ हॉर्सपॉवरचं पेट्रोल आउटबोर्ड, दोरी ओढून सुरू होणारं. दिव्यांसाठी कारची जुनी बॅटरी ठेवलेली असते, बाकी वीज नाही. फिरणं दिवाळे गावाहून वाशी पुलाच्या खांबांपर्यंत आणि खाली घारापुरीच्या अंगाला. गळाने जिताडा, तांब. अधूनमधून छोटं वावरीचं जाळं.

गार्मिनचं लाइव्हस्कोप प्लस, म्हणजे पाण्यातला मासा हलताना त्याच क्षणी दाखवणारा सोनार, घ्यायचं ठरतंय. त्यात जीएलएस १० बॉक्स (चित्र तयार करणारा), एलव्हीएस३४ ट्रान्सड्यूसर (पाण्यात ध्वनी सोडून प्रतिध्वनी ऐकणारा) आणि ९ इंची स्क्रीन. इंटरनेटवरचे सगळे व्हिडिओ तळ्यातल्या बोटींचे आणि ट्रोलिंग मोटर (नाळेवरची छोटी विजेची मोटर, तिच्या दांड्यालाच ट्रान्सड्यूसर लावतात) असलेल्यांचे. आपल्याकडे ती मोटर नाही.

तीन प्रश्न आहेत. ट्रान्सड्यूसर मागे ट्रान्समवर (इंजिन लावतात त्या फळीवर) कायमचा बसवावा का? बॅटरी किती लागेल? आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपल्या गढूळ पाण्यात काही दिसतं का?

सुकती

ट्रान्समवर कायमचा नको. ओहोटीला होडी चिखलात बसते ना? ट्रान्सड्यूसर आधी बसंल. वरून होडीचं वजन. एका उधाणातच ब्रॅकेट वाकडा होनार.

दुसरं, डोलीच्या जाळ्यासाठी घेत असाल तर घेऊच नका. डोल एका जागी बांधलेली, पाणी मासळी आनून देतं. तिथं बघून काय करनार? त्या कामाला खोली दाखवनारा साधा फिशफाइंडर पुष्कळ झाला. हा गळवाल्याचा खेळ हाय.

जिताडा_प्रेमी

सुकतींशी सहमत. फक्त वावरीलाही थोडा उपयोग होतो, जाळं सोडण्याआधी बोय माशांचा थवा कुठल्या बाजूला सरकतोय ते कळतं.

गढूळ पाण्याचं म्हणाल तर सोनारला डोळे नाहीत. पाणी चहासारखं असलं तरी ध्वनी जातो. अडचण वेगळी आहे. हा ट्रान्सड्यूसर ५३० ते ११०० किलोहर्ट्झवर चालतो. कंप्रता जितकी जास्त तितका तपशील बारीक, पण खाऱ्या पाण्यात ती लवकर विरते, आणि तरंगणाऱ्या गाळाचे कण आणि बुडबुडे तिला वाटेतच परत फेकतात. कंपनी ६१ मीटर पल्ला लिहिते. आपल्या खाडीत तो आकडा विसरा, १५ ते २० मीटर धरून चला. त्याचं कारण गाळाइतकंच खोलीचंही आहे, ते खाली सांगतो.

काय दिसतं, काय नाही, हे पैसे देण्याआधी समजून घ्या. प्रतिध्वनी मुख्यतः माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून येतो, आपण घोळीचा जो बोत म्हणतो तोच अवयव. जिताडा, तांब, घोळ, शिंगाळा, बोय यांना तो असतो, म्हणून ते ठसठशीत दिसतात. सुरमईला बोत नाही, बोंबलाला नाही, मुशी-पाकटाला नाही. हे फिके उमटतात किंवा अंगाने मोठे असतील तरच कळतात. चिंबोरी तळाला चिकटलेली असते, तळाच्या रेषेत हरवते. कोळंबी सुटी दिसत नाही, दाट असेल तर धुरासारखा डाग येतो.

आता खोली. खरं तर सगळी निवड इथेच होते.

एलव्हीएस३४ चा झोत पंख्यासारखा आहे, एका दिशेने १३५ अंश, दुसऱ्या दिशेने फक्त २० अंश. फॉरवर्ड मोडमध्ये पंखा उभा असतो. मासा किती खोल ते दिसतं, पण झोत आडवा अरुंद, १० मीटरवर जेमतेम साडेतीन मीटर, २० मीटरवर ७ मीटर. मासा बाजूला सरकला की गायब. पर्स्पेक्टिव्ह मोडमध्ये तोच पंखा आडवा करतात. मग १३५ अंशांत डावी-उजवी सगळी बाजू वरून पाहिल्यासारखी दिसते, मात्र मासा तळाला आहे की वर, ते कळत नाही.

तळ्यात ३० फूट पाणी असतं म्हणून तिकडचे लोक फॉरवर्ड वापरतात. आपल्याकडे तीन-चार मीटर पाणी. तेवढ्यात मासा वर असला काय, खाली असला काय, गळ पोचतोच. बाजू कळणं जास्त मोलाचं. म्हणून खाडीत पर्स्पेक्टिव्ह, आणि पुलाच्या खांबाजवळ किंवा खोल पाण्यात फॉरवर्ड. पर्स्पेक्टिव्हचा ब्रॅकेट वेगळा विकत मिळतो, तो पहिल्याच खरेदीत घ्या. दुसऱ्या कंपन्यांत याच कामाला अॅक्टिव्हटार्गेटवर ‘स्काउट’ आणि मेगा लाइव्हवर ‘लँडस्केप’ म्हणतात.

तीनसूत

ट्रोलिंग मोटर नाही तर पाइप. आपल्या होडीला हाच उपाय, आणि तो मोटरपेक्षा बरा, कारण उचलून आत घेता येतो.

आधी खरेदीतली चूक. हार्डवेअरच्या दुकानात ‘एक इंची एसएस पाइप’ मागितला की तो एक इंच नॉमिनल बोअरचा देतो, त्याचा बाहेरचा व्यास ३३.४ मिमी. ट्रान्सड्यूसरचा क्लॅम्प शाफ्टसाठी, म्हणजे बाहेरून साधारण २५ मिमीच्या नळीसाठी असतो. पाऊण इंची पाइप मागितला तर २६.७. तोही बसत नाही, मग माणूस क्लॅम्प कानशीने घासत बसतो. ‘ट्यूब, बाहेरून २५.४, जाडी २ मिमी, ग्रेड ३१६’ असं लिहून न्या. ३०४ स्वस्त पडते पण खाडीच्या पाण्यात वेल्डपाशी लवकर तांबेरते.

लांबी : तुमच्या होडीचा काठ पाण्यापासून साधारण २ फूट वर धरला, तळ पाण्याखाली फूटभर, आणि ट्रान्सड्यूसर तळाच्या खाली सहा इंच हवा. क्लॅम्पच्या खाली साडेतीन फूट झाले. वर हँडलसाठी अडीच. म्हणजे ६ फुटी नळी. सहा इंच खाली कशासाठी? होडीचा तळ झोताच्या आड आला की त्या बाजूचा पंखा आंधळा होतो. पर्स्पेक्टिव्हमध्ये हे चटकन कळतं, चित्राची एक फाक काळी राहते.

जागा : नाळेपासून (होडीच्या पुढच्या टोकापासून) साधारण एक तृतीयांश मागे, काठावर. अगदी पुढे लावलात तर लाटेवर नाळ उचलली जाते तेव्हा ट्रान्सड्यूसर पाण्याबाहेर येतो. मागे लावलात तर इंजिनच्या पंख्याचा फेस. बाजू कुठली? जाळं ज्या बाजूने ओढता त्याच्या विरुद्ध. एवढं एकच लक्षात ठेवलंत तरी निम्म्या भानगडी टळतील.

काठाची बांधणी :

काठाच्या आतल्या बाजूला १२ मिमी मरीन प्लायचा एक फूट बाय आठ इंचाचा तुकडा, चारी कडांना रेझिन मारून. बाहेरून क्लॅम्पची एसएस प्लेट. आरपार चार बोल्ट, अडीच सुती (८ मिमी), आतून मोठे वॉशर आणि नायलॉन लॉकनट. स्क्रू चालणार नाहीत, फायबरमध्ये स्क्रू धरत नाही, चारच दिवसांत भोक ढिलं होतं. भोकं ८.५ ची पाडा, आत लाकडी गाभा लागला तर भोकाच्या कडेला इपॉक्सी भरून वाळल्यावर पुन्हा पाडा, नाहीतर पाणी गाभ्यात शिरून कुजवतं.

एवढी बांधणी कशासाठी ते आकड्यात सांगतो. पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. ३ नॉट्सला या नळीवर आणि ट्रान्सड्यूसरवर मिळून साधारण ३ किलोचा जोर येतो. ८ नॉट्सला तोच २० किलोच्या वर, तोही साडेतीन फुटी तरफेच्या टोकाला. म्हणून इंजिन पळवायच्या आधी नळी वर. क्लॅम्प असा करा की एक खुंटी ओढली की नळी आडवी होऊन काठावर झोपेल.

नळीच्या वरच्या टोकाला छिद्र पाडून ४ मिमीची दोरी, दुसरं टोक होडीला बांधलेलं. क्लॅम्प सुटला तर लाखाच्या वर किमतीचा माल खाडीच्या तळाशी जातो आणि तिथला चिखल परत देत नाही.

दिवाळेकर

वा, नळीचं उत्तम सांगितलंत. दोन शंका. भोकं बुजवायला साधं सिलिकॉन चालेल ना? आणि हँडल कसं करावं?

तीनसूत

सिलिकॉन नको. फायबरला आधी चिकटतं, मग सालीसारखं सुटतं, आणि एकदा लागलं की त्या जागेवर दुसरं काही धरत नाही, रंगसुद्धा. मरीन पॉलियुरेथेन सीलंट घ्या, सिकाफ्लेक्स २९१ च्या जातीचं. बोल्ट लगेच पूर्ण आवळू नका, सगळं सीलंट पिळून बाहेर येतं. आधी हलके आवळा, २४ तासांनी अर्धा आटा.

हँडल म्हणजे नळीला काटकोनात जोडलेला फूटभर तुकडा, आणि तो ट्रान्सड्यूसर ज्या दिशेला बघतो त्याच दिशेला. अंधारातही हाताला कळलं पाहिजे की झोत कुठे आहे. नळी क्लॅम्पमध्ये फिरावी पण डुगडुगू नये, म्हणून आत नायलॉनची बुशी टर्न करून घ्या. स्टीलवर स्टील फिरवलं तर खरखर होते आणि ती खरखर स्क्रीनवरही येते.

ब्रॅकेटचा कुठला भाग ॲल्युमिनियमचा असेल तर एसएस बोल्टच्या मध्ये नायलॉन वॉशर आणि आट्यांना ग्रीस. खाऱ्या पाण्यात दोन धातू चिकटून राहिले की ॲल्युमिनियम पांढरी पूड होऊन झिजतं आणि बोल्ट कायमचा अडकतो.

तांब्याची_तार

विजेचं मी लिहितो.

हिशोब : जीएलएस १० बॉक्स सरासरी २१ वॉट घेतो, कमाल ५८. ९ इंची स्क्रीन उन्हात पूर्ण उजेडावर २० वॉटच्या आसपास. सरासरी ४५ वॉट धरा. १० तासांचे ४५० वॉट-तास. १२.८ व्होल्टची ५० अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी ६४० वॉट-तास देते. पुरून उरेल. वजन साधारण ६ किलो.

तुमच्या आउटबोर्डला बहुधा चार्जिंग कॉइल नाही, म्हणजे समुद्रावर बॅटरी भरणार नाही. रोज घरी नेऊन भरायची, म्हणूनही हलकी हवी.

तार : बॅटरीपासून बॉक्सपर्यंत ४ मीटर अंतर असेल तर येऊन-जाऊन ८ मीटर. कमाल भाराला दोन्ही उपकरणं मिळून ६ अँपिअर धरा. दीड स्क्वेअर मिमीच्या तारेत जवळजवळ ०.६ व्होल्ट पडतो, अडीचमध्ये ०.३५, चारमध्ये ०.२ च्या थोडा वर. अडीचच्या खाली जाऊ नका. कथिलाचा मुलामा असलेली मरीन तार घ्या. घरगुती वायरिंगची तांब्याची तार वर्षभरात आवरणाच्या आत दोन-दोन इंच काळी पडते. टोक कापून पाहिलं की कळतं. वरून सगळं ठाकठीक, आत हिरवी भुकटी.

जोड : नुसतं डाग देऊन ठेवू नका, हादऱ्याने डागाच्या कडेला तार तुटते. लग (तारेच्या टोकाची धातूची टोपी) दाबून क्रिम्प करा, वरून आतल्या बाजूला गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह. गरम केल्यावर दोन्ही टोकांना गोंदाचा थेंब बाहेर आला पाहिजे. आला नाही तर ती जागा सील झालेली नाही. इन्सुलेशन टेपचं नावच काढू नका.

फ्यूज : बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात १५ अँपिअरचा एक. तो तारेच्या रक्षणासाठी. त्यानंतर बॉक्सला वेगळा आणि स्क्रीनला वेगळा, पुस्तिकेत दिलेल्या अँपिअरचाच. पुष्कळ लोक दोघांना मिळून एकच लावतात. मग फ्यूज उडाला की दोष कुणाचा ते कळत नाही.

बॉक्स कुठे : बाकाखाली, उभ्या फळीवर, भोवती चार बोटं हवा. प्लास्टिकच्या बंद डब्यात कोंबू नका, मे महिन्यात तापून बंद पडेल. पेट्रोलच्या टाकीशेजारी नको. बिल्जच्या (होडीच्या तळाशी साचणाऱ्या) पाण्यात तर अजिबात नको.

ट्रान्सड्यूसरची केबल कापायची नाही, कितीही लांब वाटली तरी. उरलेली इंग्रजी आठच्या आकारात मोठ्या वळणाने बांधा. आणि ती वीजतारेला लगटून नेऊ नका, एक काठावरून न्या, दुसरी तळातून. ओलांडावीच लागली तर काटकोनात.

भांगेचं_पाणी

एवढी महाग लिथियम कशाला? आमच्या भागात बरेच जण कारची ६० अँपिअरची ठेवतात, चालतं.

तांब्याची_तार

चालतं, पण काय चालतं ते बघा. लेड ॲसिड निम्म्याच्या खाली उतरवली की आयुष्य झपाट्याने कमी होतं, म्हणजे ६० मधले ३० वापरायचे. आणि दाब हळूहळू उतरत जातो. बॉक्सला १० व्होल्टच्या वर दाब हवा, बॅटरी ११.८ ला आली, तारेत अर्धा व्होल्ट पडला, त्यात त्याच बॅटरीवर कुणी पंप चालू केला की स्क्रीन रीस्टार्ट. सेल्फ स्टार्टच्या इंजिनवाल्यांनी तर सोनारला वेगळीच बॅटरी ठेवावी, स्टार्टर फिरताना दाब एका झटक्यात खाली जातो.

लिथियमचीही एक खोड सांगून ठेवतो. तिचा दाब शेवटपर्यंत १३ च्या आसपासच राहतो आणि मग आतलं रक्षक सर्किट एकदम वीज तोडतं. कारच्या बॅटरीसारखा दिवा मंद होऊन सूचना मिळत नाही. स्क्रीनवर कमी व्होल्टेजचा अलार्म १२.५ ला लावा. चार्जर १४.४ ते १४.६ चा, लिथियमसाठीचाच. लेड ॲसिडचा ‘रिकव्हरी’वाला चार्जर लावू नका.

दिवाळेकर

ठरलं, लिथियमच. सेटिंगचं कुणीतरी सांगा. आणि पहिली चाचणी कशी घ्यावी?

जिताडा_प्रेमी

जमिनीवर एवढंच : सगळं जोडा, स्क्रीनवर ट्रान्सड्यूसर ओळखला गेला का पाहा, आणि ट्रान्समिट बंद करा. पाण्याबाहेर तो चालू ठेवू नये, थंड व्हायला त्याला पाणी लागतं. ओळखलाच गेला नाही तर आधी नेटवर्क केबलचं टोक पाहा, लॉक नीट फिरलेला नसतो किंवा मोठ्या-लहान टोकांमधला अडॅप्टर राहिलेला असतो. तरीही नाही तर सॉफ्टवेअर. स्क्रीन नवी आणि बॉक्स जुन्या आवृत्तीवर असं होतं. मेमरी कार्डावरून दोन्ही एकदमच अद्ययावत करा, आणि अपडेट चालू असताना बॅटरी काढू नका.

पाण्यात पहिली गोष्ट म्हणजे दिशा जुळवणे. पुलाचा खांब किंवा नांगरलेला पिंप १० मीटरवर घ्या. फॉरवर्डमध्ये नळी सावकाश फिरवत तो सगळ्यात ठळक दिसेल तिथे थांबा. आता हँडल खांबाकडे बोट दाखवतंय का? १० अंशांचा फरक असेल तर २० मीटरवर साडेतीन मीटर चुकेल, म्हणजे अर्धा झोत. क्लॅम्प सोडून हँडल जुळवा आणि नळीवर रंगाची खूण करा.

पर्स्पेक्टिव्हचा कल : ट्रान्सड्यूसर अगदी आडवा ठेवलात तर २० अंशांतला वरचा अर्धा झोत पाण्याच्या पृष्ठभागावर आपटतो आणि चित्र लाटांच्या रेघांनी भरतं. नाक साधारण १० अंश खाली करा. मग वरची कड सपाट जाते. ४ मीटर पाणी, ट्रान्सड्यूसर अर्धा मीटर खाली, म्हणजे तळ साडेतीन मीटरवर. झोताची खालची कड साधारण ९-१० मीटरवर तळाला लागते आणि मधली २० मीटरवर. त्यापुढे दिसतो तो नुसता तळ. पल्ला २० मीटर ठेवा असं वर म्हटलं ते यावरून. पल्ला कमी ठेवण्याचा आणखी फायदा म्हणजे चित्र चपळ होतं, कारण ध्वनी परत येण्याची वाट कमी पाहावी लागते.

आपल्याकडे उधाणाला चार मीटरच्या वर चढउतार होतो. सकाळी ६ मीटर असलेली जागा ओहोटीला २ मीटर. म्हणून कल आणि पल्ला एकदा लावून विसरायचा नसतो. पाणी २ मीटरवर आलं की पल्ला १० वर आणा.

बाकी आकडे सुरुवातीपुरते : गेन (संवेदनशीलता) ६५ टक्के, नॉइज रिजेक्ट मध्यम, टीव्हीजी (अंतरानुसार गेन बदलणं) कमी, घोस्ट रिजेक्ट (खोट्या प्रतिमा गाळणं) बंद. पाण्याचा प्रकार खारं. गेन हळूहळू वाढवत जा, पार्श्वभूमीवर मिठाएवढे ठिपके दिसू लागले की तिथून दोन पावलं मागे. ऑटोवर ठेवलं तर गाळ वाढला की यंत्र आपणहून गेन चढवत जातं आणि मासा गाळात बुडतो.

खारा_वारा

अवांतर : ऐरोली ते वाशीच्या पट्ट्यात फ्लेमिंगो अभयारण्य आहे (२०१५ पासून), आणि ठाणे खाडी २०२२ पासून रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत) आहे. कुणी हौशी गळवाल्यांना पैसे घेऊन तिकडे नेणार असेल तर आधी ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात विचारा. सोनारचा यात संबंध नाही, पण होडीवर पाहुणे दिसले की प्रश्न येतात.

दिवाळेकर

सगळं वर सांगितलं तसंच बसवलं. चाचणीत तीन लक्षणं :

१. चित्र सतत थरथरतं, होडी स्थिर असतानाही.
२. तिरक्या ठिपक्यांच्या रांगा, ठरावीक अंतराने, सगळ्या स्क्रीनभर.
३. सुकती (ओहोटी) जोरात लागली की २० मिनिटांत चित्र पांढरं. मग एकदा तर पूर्णच गेलं, ट्रान्सड्यूसर मात्र ‘जोडलेला’ दाखवत होता.

तीनसूत

पहिलं माझं खातं. नळी क्लॅम्पमध्ये हलते आहे. इंजिन बंद करून हँडल बोटांत धरा आणि पुढेमागे ढकला. टक् असा आवाज आला तर बुशी सैल. नायलॉन पाणी पिऊन फुगतो म्हणून टर्नरने जास्त सैल काढली असेल. तिच्या जागी डेलरिनची घ्या, ती जवळजवळ फुगत नाही. तोपर्यंत सायकलच्या ट्यूबची पट्टी नळीला एक वेढा देऊन क्लॅम्प आवळा.

आवाज आला नाही तर नळीच थरथरते आहे, प्रवाह तिच्यामागे भोवरे सोडतो. पाण्यात गेलेला भाग कमी करा किंवा क्लॅम्पच्या फूटभर खाली, पाण्याच्या वर, दुसरा आधार द्या.

तांब्याची_तार

दुसरं विजेचं. ठरावीक अंतराने तिरके ठिपके म्हणजे बाहेरचा आवाज. सोनार चालू ठेवून बाकी एकेक गोष्ट बंद करत जा. दिवे, पंप, आणि सगळ्यात आधी मोबाइलचा १२ व्होल्टचा चार्जर. सिगरेट लायटरचे स्वस्त चार्जर आतून भयंकर गोंगाट करतात. एलईडी पट्ट्यांचे ड्रायव्हरही तसेच. ते दिवे जुन्या बॅटरीवरच राहू द्या, सोनारच्या बॅटरीवर सोनारशिवाय काही नको, आणि दोन्ही बॅटरींची ऋण टोकंही एकमेकांना जोडू नका.

सगळं बंद करूनही ठिपके राहिले तर शेजारी दुसरी सोनारवाली होडी आहे का पाहा, किंवा तुमच्याच स्क्रीनवर ८०० किलोहर्ट्झचा डाउन स्कॅन (सरळ खाली बघणारा सोनार) चालू आहे का. तो आणि हा एकाच पट्ट्यात बोलतात.

दिवाळेकर

चार्जरच! काढला आणि ठिपके गेले. तिसरं?

सुकती

तिसऱ्याला यंत्र काय करनार? सुकतीला काठावरचा चिखल सगळा मधल्या पान्यात येतो. उधाणाच्या ओहोटीचे मधले दोन-तीन तास सोडा. भांगेच्या दिवसांत (भरती-ओहोटी कमी असते तेव्हा), नायतर पानी थांबतं तेव्हा, भरतीच्या शेवटाला अर्धा-पाऊन तास, तेव्हा बगा. मासा पन तेव्हाच तोंड लावतो.

आनि जेव्हा पूर्ण गेलं, तेव्हा नळी वर घेऊन बगितलीत का? आपल्या खाडीत दुधाची पिशवी नायतर गुटख्याची पुडी बरोबर त्यावरच येऊन बसते.

जिताडा_प्रेमी

सुकती बरोबर बोलले. प्लास्टिकच्या पातळ कागदामागे हवेचा थर अडकतो आणि ध्वनी हवेत जातच नाही, तिथूनच परत. यंत्राच्या दृष्टीने सगळं जोडलेलं, फक्त आंधळं. ओळखायची खूण म्हणजे गाळाने चित्र हळूहळू पांढरं होतं आणि लांबचं आधी जातं. पिशवीने एका क्षणात जातं आणि जवळचंही जातं. असं झालं की सेटिंगला हात लावू नका, नळी उचला.

नवं यंत्र लावल्यावरही तसंच होतं, प्लास्टिक नसताना. कोरड्या ट्रान्सड्यूसरच्या तोंडाला बारीक बुडबुडे चिकटतात. पाण्यात सोडल्यावर ओल्या हाताने तोंडावरून एकदा फिरवा.

भांगेचं_पाणी

पावसाळी बंदीत सगळं कुठे ठेवता? आणि शेवाळ धरू नये म्हणून ट्रान्सड्यूसरला होडीचाच रंग मारला तर?

तीनसूत

रोज उचलून आत घेता तर रंगाची गरजच नाही. शेवाळ आणि कालवं पाण्यात मुक्काम केलेल्या वस्तूला धरतात. मारायचाच असेल तर ट्रान्सड्यूसरसाठीचा वॉटर-बेस्ड (थिनरऐवजी पाण्यात कालवलेला) अँटीफाउलिंग, म्हणजे शेवाळ न धरू देणारा रंग. होडीच्या रंगातलं थिनर तोंडाचं प्लास्टिक खातं. त्याच कारणाने पेट्रोल किंवा ॲसिटोनने पुसूही नका, भांड्याचा साबण आणि मऊ फडकं.

रोज आल्यावर नळी, क्लॅम्प, ट्रान्सड्यूसर गोड्या पाण्याने धुवा. कनेक्टर काढलात तर दोन्ही टोकांना टोपी, टोपी हरवली तर प्लास्टिक आणि रबरबँड.

तांब्याची_तार

बंदीत बॅटरी निम्मी भरून ठेवा, पूर्ण भरून नको आणि रिकामी तर नकोच. चार्जरला लावून ठेवू नका. दोन्ही तारा सोडवा, स्क्रीन बंद असली तरी थोडी वीज घेते. महिन्याने मल्टीमीटर लावून १३ च्या आसपास आहे का पाहा.

बॉक्स आणि स्क्रीन घरात. कपाटात नको, डांबराच्या गोळ्यांशेजारी तर नकोच, त्या वासाने काही प्लास्टिकं चिकट होतात. फळीवर, वर सुती कापड.

दिवाळेकर

नवी डेलरिन बुशी आज बसवली, टक् आवाज गेला. आता फॉरवर्डमध्ये खांबाच्या मागे एक मोठा ठिपका सतत एकाच जागी दिसतो, हलत नाही. जिताडा असेल का?

सुकती

हलत नाय तर नाय. खांबाला जुना दोर नायतर जाळ्याचा तुकडा लटकलेला असनार. गळ टाकायच्या आधी होडी चार हात सरकवा आनि दुसऱ्या बाजूनं बगा.

जिताडा_प्रेमी

आणि सरकवताना ठिपक्यामागची सावली बघा. खांबाला चिकटलेल्या वस्तूची सावली खांबाच्या सावलीतच मिसळते. खांबापासून सुटा असेल तर दोघांच्या मधे उजेडाची फट दिसते. फट असेल आणि तुम्ही सरकल्यावर ठिपक्याने तोंड फिरवलं, म्हणजे लांबट होता तो अचानक बारीक झाला, तर जिवंत कोळंबी लावा.